बासष्ट

आमच्या कुरणसंस्थेत मत माणसाचं नसतं, गायीचं असतं.
उन्हाळ्यात वरच्या चराईवर जितक्या न्यायचा हक्क,
तितकी मतं.
दूरीची तीस. लुरेनची बावीस.
रिश आणि त्याचा न बोलणारा भाऊ, चौदा-चौदा.
मग आठ, सहा, चार, दोन अशी दहा घरं,
आणि आल्प्सच्या सावलीतलं शेवटचं घर,
बार्लाचं. तिची एक.

एकूण एकशे एकवीस.
अर्ध्याहून एक जास्त, असं जुन्या कागदावर लिहिलंय.
साडेएकसष्ट मतं कुणी मोजायची?
म्हणून कुणीतरी वर ढकललं: बासष्ट.

चीज तोलणं हे माझं काम, आणि सभेचं टिपण.
काट्यावर बारा किलो म्हणजे बारा किलो, वाद नाही.
पण दूरी टेबलावर मूठ आपटून म्हणाला,
तीस मतं, म्हणजे चौथाई सत्ता माझी,
तेव्हा मला वाटलं, हा काटा वेगळा असावा.

पंधरा चिठ्ठ्या केल्या. चीज गुंडाळायच्या कागदाच्या.
कॉफीच्या रिकाम्या डब्यात पिसायच्या
आणि एकेक काढायची,
जणू माणसं बर्फातून दार ढकलून आत येताहेत.
मतांची बेरीज करत जायची.
ज्याच्या पावलाने बासष्ट भरतं,
त्या खेपेचा कौल त्याचा. एक रेघ.

सगळे क्रम? ते हिशेबाबाहेरचे.
एक लाख तीस हजार कोटींच्या वर भरतात,
आणि मी पन्नाशीची.
म्हणून रोज रात्री चाळीस खेपा.
नवरा म्हणायचा, पत्ते खेळतेस तर निदान जिंक तरी.

पहिल्या हजारात दूरीच्या रेघा दोनशे एकोणऐंशी,
दुसऱ्या हजारात दोनशे त्रेसष्ट.
आकडा ओल्या भिंतीसारखा, हात लावला की हलतो.
चूक निम्मी करायची तर कष्ट चौपट.
ही शिक्षा कुणी ठरवली ते माहीत नाही, पण न्याय्य वाटते.

वसंतापर्यंत चार हजार.
बार्लासमोर एकही रेघ नाही.

आता नमुना काय सांगतो?
दिसलं नाही, एवढंच.
नाही, असं तो म्हणत नाही.
पाच हजारावी खेप कदाचित तिची असेल,
खारीचा वाटा, पण वाटा.
मी डबा पुन्हा हातात घेतला आणि तसाच ठेवला.
बाकी सगळी मतं सम आहेत!
त्यांची बेरीज साठ होईल, बासष्ट होईल,
एकसष्ट कधीच नाही.
तिच्या पावलाची वाट पाहणारी जागाच नाही त्या जिन्यात.
सत्तर वर्षं ती हात वर करते आहे.

मग एकसष्टवर हिशेब मांडला.
चार हजारांत अडुसष्ट रेघा.
तिच्या एका गायीच्या दुप्पट भरतील इतक्या.

तिला सांगायला गेले. ती बटाटे सोलत होती.
"मला वाटायचंच," ती म्हणाली.
"म्हणून तर मी सगळ्यांच्या आधी येते. स्टोव्ह पेटवायला."

मे महिन्यात ठराव ठेवला: बासष्टऐवजी एकसष्ट.
ठरावाला अर्थातच बासष्ट हवीत.
लुरेनने हात वर केला, बघून आश्चर्य वाटलं.
रिशने केला. त्याच्या भावाने नाही,
तो दूरीच्या बाकावर बसला होता, बोटांकडे बघत.
लहान घरांतली पाच इकडे, पाच तिकडे.
साठ झाली.
मग बार्ला उठली, उगीच उठली,
हात वर करायला उठावं लागत नाही.

एकसष्ट विरुद्ध साठ.
नामंजूर.

कुणी हसलं नाही. दूरीसुद्धा नाही.
तो आकड्याकडे बघत राहिला,
माप चुकलेल्या दाराकडे सुतार बघतो तसा.
बार्लाने स्टोव्हमधली राख ओढली,
खुर्च्या आत सारल्या.
मी टिपणात एकसष्ट लिहिलं,
आणि समास नेहमीपेक्षा जरा रुंद सोडला.