आत्तापुरतं

तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
पिरेट ओले मोजे रेडिएटरवर टाकते
आणि गाभ्याची फाईल उघडते.
गाभा लहान आहे, चारशे ओळींचा.
बाकी सगळं सुटं: हवं ते मॉड्यूल जोडा, नको ते काढा,
भिंत हलत नाही.

फक्त ओळ दोनशे बारापाशी एक कोनाडा आहे,
तिथे पार्सर रांगेने बसलेले.
हा जेसन वाचणारा, हा एक्सएमएल, तो एचटीएमएल.
कागद दारात येतो, आपला प्रकार सांगतो,
रांगेतला एकजण उठतो,
पदच्छेद करून
कर्ता-कर्म निवडून पुढे ठेवतो.

आणि जो कागद काहीच सांगत नाही?
त्याच्यासाठी शेवटची ओळ, नुसती चांदणी घातलेली:
साधा मजकूर समजा, जुनं पश्चिम युरोपी एन्कोडिंग समजा.
शेजारी लेंबितची टीप, आठ वर्षांपूर्वीची.
"आत्तापुरतं."

याच ओळीतून गेला
व्होरूच्या लाइने कोइव यांचा पेन्शनचा अर्ज.
कोइव म्हणजे त्यांच्या बोलीत भूर्ज,
ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या, तोच.
मधला स्वर खरं तर 'को'तला नाही,
देवनागरीत त्याला घर नाही,
मी इथे वेळ मारून नेतोय.
यंत्राने मात्र त्याचे दोन तुकडे केले,
एक डोक्यावर लाट घेतलेला, एक ग्रीकांकडचा,
आणि कळवलं की अशी व्यक्ती नोंदीत नाही.
तीन महिने पैसे आले नाहीत.
बाईंनी फोनवर आवाज चढवला नाही म्हणे.
एवढंच विचारलं,
"मग तुमच्याकडे मी कोण दिसते?"

लेंबित आता सारेमा बेटावर मेंढ्या पाळतो.
त्याचं उत्तर सहा मिनिटांत आलं:
"मला वाटलं होतं, कुणीतरी बदलेल."
त्या 'कुणीतरी'कडे पिरेट
कॉफी गार होईपर्यंत बघत राहिली.

आपण याला गृहीत म्हणतो.
शब्द भूमितीतला, पण ऐकू येतो भांडणात:
मला गृहीत धरू नकोस.
जो बोलतो त्याचं काही अडत नाही,
गृहीत धरला जातो तो गप्प बसलेला.

पहिली शंभर अक्षरं हुंगून अंदाज बांधणारा एक पार्सर
तिने जोडून पाहिला.
नव्व्याण्णवदा बरोबर आला,
शंभराव्यांदा तितक्याच खात्रीने चुकला.
काढून टाकला.
एक्सएमएलवाल्याला बजावलं:
आत आलेल्या कागदाने
बाहेरच्या कुणाला हाका मारायच्या नाहीत.
खिडकी मुळातच बंद,
हवी असेल त्याने स्वतः उठून उघडावी.

मग चांदणीची ओळ खोडली.
नवी लिहिली, जरा लांबच झाली:
ओळखता आलं नाही तर कागद आहे तसा परत द्या,
एकही अक्षर न हलवता,
आणि विचारा.

अठरा चाचण्या लाल झाल्या.
त्यातली एक तर
लाट आणि ग्रीक अक्षर असलेलं तेच नाव
बरोबर उत्तर म्हणून
आठ वर्षं जपून बसलेली.

पिरेटने मोजे चाचपले.
ओलेच होते.
तिने तीच चाचणी आधी उघडली.