तथापि

राजारामपुरी, सातवी गल्ली. झेरॉक्सच्या दुकानावरचा हॉल.
दर बुधवारी सहा ते आठ, धर्माचे तत्त्वज्ञान, पेपर दुसरा.
फळ्यावर मी वीस हा आकडा लिहिते, त्याखाली चाळीस मिनिटं,
आणि सांगते, पहिली पाच मिनिटं उत्तराला हात लावायचा नाही.
कडेला पेन्सिलीनं सांगाडा काढा.
मग पहिल्याच वाक्यात सांगून टाका कुठं पोचायचंय.
ही काय रहस्यकथा नव्हे, शेवटच्या पानावर खुनी सापडायला.

'काही विचारवंत म्हणतात', मग 'दुसरे काही म्हणतात',
मग 'माझ्या मते दोन्ही बाजू योग्य आहेत':
ही लग्नाच्या बैठकीतली भाषा झाली.
परीक्षक सहा गुण देईल, तेही दमला असेल म्हणून.
समोरच्याचं म्हणणं आधी इतकं नीट मांडा
की तो स्वतः येऊन म्हणावा, हेच, हेच म्हणायचं होतं मला.
मग लिहा तथापि.
तथापिच्या आधी वाचलेलं. तथापिच्या पुढं तुम्ही.

शीतल उपाध्ये मागच्या बाकावर.
शिरोळकडं शीतल हे मुलाचं नाव असतं,
हजेरीला दरवर्षी कुणीतरी नवा हसतो.
दिवसा उद्यमनगरात लेथवर, नखांत ऑइल.
त्याला कळावं म्हणून एकदा म्हटलं,
मूल्यमापन म्हणजे व्हर्निअर लावणं.
जॉब देखणा आहे हे नको सांगूस,
किती मायक्रॉन चुकला ते सांग.
तो म्हणाला, मॅडम, मायक्रॉनला मायक्रोमीटर लागतोय.
वर्ग हसला. मी फळा पुसला.

सराव परीक्षा, प्रश्न तिसरा.
'जगातील दुःख हे ईश्वराच्या अस्तित्वाविरुद्धचे निर्णायक प्रमाण आहे. मूल्यमापन करा.'
त्याचं पहिलं वाक्य: प्रमाण आहे, निर्णायक नाही.
मग इच्छास्वातंत्र्याचा युक्तिवाद, त्यावर आक्षेप,
आक्षेपावर आक्षेप. माणसानं निवडलं म्हणावं,
तर नदी कुणी निवडली?
अक्षर तिरकं, पण कडेला कुठं बर राहिलेली नाही.
मग तथापि.

मग चार ओळी कोऱ्या.

मग: 'आमच्या धर्मात जग निर्माण करणारा ईश्वर नाही,
त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात नीट बसत नाही.
एकोणीसच्या पुरात कुरुंदवाडला आम्ही सात म्हशींची दावी कापली.
आठवीपर्यंत हात पोचला नाही.
आई पत्र्यावर बसून रात्रभर ओरडत होती,
काय बिघडवलं हुतं रं तुझं आम्ही?
आई रोज बस्तीत जाते. तिला तत्त्व माहीत आहे.
ती कुणाला विचारत होती हे मला ठरवता आलेले नाही.'

एवढंच. निष्कर्ष नाही.
वेळ संपली म्हणावं, तर पेपर त्यानं पाच मिनिटं आधी दिला.
माझ्याच हातात दिला.

गुणांचा तक्ता माझाच आहे.
निरूपण पाच, विश्लेषण पाच, मूल्यमापन सात, निष्कर्ष तीन.
निष्कर्षापुढं शून्य, त्यात वाद नाही.
मूल्यमापनापुढं चार लिहिले, खोडले,
सहा लिहिले, खोडले, आता तिथं नुसता लाल डाग आहे
आणि शेजारी वळणदार अक्षरात माझा शेरा:
अनुभव हा युक्तिवाद नव्हे. मुद्द्याशी जोडा.
अकरा वर्षं मी हा शेरा लिहिते. तो बरोबर आहे.
तथापि

पुढच्या बुधवारी जिन्यात त्यानं गाठलं,
पाठीवर सॅक, साडेआठची कुरुंदवाड गाडी धरायची घाई.
मॅडम, जोडा म्हणून लिवलंय.
कसं जोडू?

खाली झेरॉक्सचं मशीन एकसारखं कागद ओकत होतं.
मी म्हटलं, तथापिनंतर स्वल्पविराम हवा होता.

बरं, म्हणाला. पेपर गुडघ्यावर ठेवून
तिथंच दिला.