सशाचं गवत

यंदा गवत पाळीव प्राण्यांच्या दुकानातून आणलं, उर्ते.
पिशवीवर ससा छापलाय, डोळा मारणारा.
काउनासमध्ये सातव्या मजल्यावर
दुसरं कुठून आणणार?
मूठभर पसरलं मेजावर, वर पांढरं कापड,
मग तळहात फिरवून पाहिला.
टोचतं अजून. तेवढं टोचायलाच हवं.

तू डब्लिनहून विचारतेस,
आजी, तुझ्या लहानपणी नाताळ कसा असायचा?
फोन जरा लांब धर, नुसतं कपाळ दिसतंय तुझं.

नसायचा.
म्हणजे, नसतो असं सांगायचं होतं आम्हाला.
चोवीस डिसेंबर कामाचा दिवस,
शाळा, पावाची रांग, मग अंधार.
आई खिडकीला घोंगडी लावायची, कपड्यांच्या चिमट्यांनी,
आणि कुणी विचारलंच तर एमिलियाचा वाढदिवस.
माझा वाढदिवस मार्चात.
पण सहा वर्षं मी डिसेंबरातही वाढले,
तो हिशेब धरलास तर नव्वदीला टेकलेय मी.

बारा पदार्थ हवेत म्हणून आई मोजत बसायची:
बीट, हेरिंग, सुकी अळंबी, वाटाणे,
खसखशीचं दूध, त्यात भिजवायची बोराएवढी बिस्किटं,
काळा पाव. कांदा वेगळा धरायचा का?
धरू. मीठ? मीठही धरू.
ओढूनताणून अकरा व्हायचे.
बारावं पाणी.

आणि एक जास्तीचं ताट.
बाबांना नेऊन तीन हिवाळे झाले होते,
पूर्वेला, इतकंच माहीत.
ते ताट गेलेल्याचं की वाट बघायच्या माणसाचं,
प्रानासनं एकदा विचारलं.
आईनं त्याच्या हातात चमचे दिले, पुसायला.

एक्कावन्न साली दार वाजलं.
तपासनीस. बुटांवरचा बर्फ आपटत उभा,
टोपीवर तांबडा तारा.
आम्ही मघापासून घोंगडीच्या फटीतून आभाळ बघत होतो,
पहिला तारा दिसल्याशिवाय जेवायचं नसतं.
"दिसला," प्रानास पुटपुटला.
आईनं त्याला मेजाखालून लाथ घातली.

"वाढदिवस आहे," ती म्हणाली.
"किती वर्षांची?"
मी बोटं दाखवली, घाबरून एक जास्तच.
खुर्ची एकच रिकामी होती. तो बसला.
बाबांच्या ताटात हेरिंग वाढून घेतलं.
टोपी त्यानं काढली होती, हे मला फार उशिरा आठवलं.
बिस्किटं दुधात किती वेळ ठेवायची
ते त्याला कुणी सांगितलं नाही.
मग बोलता बोलता त्याचा हात
कापडाखाली गेला, न बघता,
जसा आपला जातो अंधारात दिव्याच्या बटणाकडे,
आणि काडी घेऊन बाहेर आला.

लांब होती.
लांब काडी म्हणजे लांब आयुष्य.
त्यानं ती बघितली. आम्ही त्याला बघितलं.
काडी खिशात गेली, त्याच खिशातून
निळी पेन्सिल निघाली, अर्धी झिजलेली.
"वाढदिवसाची," म्हणाला, आणि गेला.
अहवालात काय लिहिलं कोण जाणे.
कुणी आलं नाही, एवढं खरं.

प्रानास त्या रात्री जेवला नाही.
बाबांची काडी होती ती, म्हणत राहिला,
त्यानं बाबांची काडी नेली.

बाबा छप्पन्न साली आले. दात नव्हते,
बिस्किटं पार विरघळेपर्यंत थांबायचे,
त्याच खुर्चीवर.
त्यांना कुणी सांगितलं नाही.
आई न सांगता गेली. प्रानास गेल्या वर्षी.
आता तुला सांगितलं. पुढचं तू बघ.

नाव? नाही गं, नाही विचारलं.
आज रात्री मेज आवरायचं नसतं,
येणारे येतात, जेवून जातात.
मी ताट मांडते. कोण आलं, याची चौकशी करत नाही.

चल, तुझ्या नावानं ओढते.
ही बघ. आणि ही माझी.
यंत्रानं कापलंय मेलं,
सगळ्या काड्या एका मापाच्या.
थांब, ठेवू नकोस,
अजून एक बघते.