हराळीची लागण

फिलोमिनाबाई वानवडीचा बंगला सोडून
लेकीच्या फ्लॅटवर गेल्या, आठव्या मजल्यावर.
लिफ्टमधून हंस नेता येणार नाहीत, सोसायटीनं लेखी कळवलं.
म्हणून पाच हंस टेम्पोतून मांजरीला आले,
कालव्याकाठच्या माझ्या आठ गुंठ्यांत.
सोबत चिठ्ठी : गवत द्या, पाव देऊ नका.
म्हातारीला डावा डोळा नाही, त्या बाजूनं जाऊ नका.

खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी व्हर्नियर धरून उभा होतो.
सुताचा फरक पडला की माल परत.
गवताचंही तसंच असेल, वाटलं.

मार्केट यार्डात शेठनं पुड्या मांडल्या :
लसूणघास, बरसीम, एक परदेशी मिश्रण,
पाकिटावर टेकडी, टेकडीवर गाय.
हंसांसाठी हवंय, म्हणालो.
शेठ चष्म्यावरून बघत राहिला.
"हंस मोती खातो ना हो, साहेब?"
मोत्यांचा भाव विचारला,
आणि ते मिश्रण घेतलं, वर नेपियरची बेणी.

नेपियर माझ्या डोक्यावर गेलं.
म्हशीनं डोळे मिटून खाल्लं असतं.
हंस त्याच्या कडेनं निघून गेले,
परक्या लग्नातल्या पंगतीवरून जावं तसे.
मिश्रण एप्रिलच्या उन्हात
पाकिटावर तेवढं हिरवं राहिलं.

मग एका दुपारी पाहिलं,
पाचही जण नळाजवळ, फरशीच्या फटीशी,
माना तिरक्या करून
कर्र कर्र
हराळी कातरत होते.

गजराबाईला म्हणालो, हराळी लावायची. सगळीकडे.
ती कमरेवर हात ठेवून उभी.
"चाळीस वर्सं उसातनं हिची मुळं काढली,
नखं गेली माझी.
एक पेर मागं ऱ्हायलं तर पुन्हा रान धरणारी अवदसा,
आन् आता तिचीच लागण? रोजानं?"
रोजानं, म्हणालो.
ती इतकी हसली की म्हातारी हंसीण तिच्यावर फिस्कारली.

ज्येष्ठ सरता सरता कांड्या पुरल्या,
वितीवर एक, तीन पेरांची.
गजराबाईचे हात मधेच विसरायचे,
लावलेली कांडी सवयीनं उपसून बांधावर फेकायचे.
मग ती हातांनाच शिव्या द्यायची
आणि उठून कांडी परत आणायची.
वाफे चार. भोवती जुनी लुगडी बांधली.
हंस लुगड्याबाहेर, सकाळ-संध्याकाळ बोंब.
कालव्यापलीकडे लोकांनी खिडक्या लावून घेतल्या.

आत कधी सोडायचे?
मी मोजपट्टी काढली.
"ठिवा ती," गजराबाई म्हणाली, "चोच करा."
अंगठा आणि पहिलं बोट.
पातं चिमटीत धरून हिसडा द्यायचा.
मुळासकट आलं तर अजून नाही.
पातं तुटलं आणि मूळ जागेवर राहिलं
तर बोलवा जेवायला.

नऊ दिवस मी चोच होऊन वाफ्यात वाकलो.
नऊ दिवस मूळ हातात आलं, पांढरं, ओलं,
आणि मी ते परत खोचत राहिलो.
कारखान्यातून परत पाठवलेला माल
पुढं कुठं जायचा,
कधी विचारलं नव्हतं.

दहाव्या दिवशी तुटलं.

आता एका वाफ्यात आठवडा, मग पुढचा.
दोन पेरांच्या खाली गवत गेलं
की हाकायचं, कितीही फिस्कारोत.

चतुर्थीच्या सकाळी शेजारचा निहार ताटली घेऊन आला.
"काका, दूर्वा आहेत? एकवीस जुड्या."
"चौथ्यातली घे रं," गजराबाई म्हणाली,
"तिसऱ्यातली उष्टी हाय."
पोरगं तीन पात्यांची शोधत, मोजत बसलं.
म्हातारी सावकाश आली,
उजवा डोळा ताटलीकडे करून थांबली,
आणि वरची जुडी उचलून गिळली.

निहारनं माझ्याकडे पाहिलं. मी गजराबाईकडे.
ती खुरप्याची माती पुसत होती.
"ईस ऱ्हायल्या," ती म्हणाली.
"आजून एक खूड."