रिकाम्या गाडीचं वजन

परिपत्रक आधी अरबीत लागलं, मग इंग्रजीत.
जोजीसाहेबांनी सातव्या ओळीवर बोट ठेवलं:
वजनकाटा कारकून, यापुढे फक्त नागरिक.
व्हिसा पौषात संपतो, मी मनात हिशेब केला.
इथे पौष कोणाला ठाऊक.

सोहार बंदराच्या मागे, खडीच्या ट्रकांच्या वाटेवर
अकरा वर्षं ही पत्र्याची केबिन.
आधी रिकामी गाडी तोलायची, मग भरलेली,
वजाबाकी म्हणजे माल.
एकशे चाळीस रियाल, जेवण कंपनीचं.

हमूद सोमवारी आला.
पांढराशुभ्र दिशदाशा, नक्षीची टोपी,
काखेत कहव्याचा थर्मास,
डिप्लोमा होऊन सहा वर्षं झालेली.
मागल्या उन्हाळ्यात चौकात ठाण मांडलेल्या पोरांत तोही होता.
भुवईवरचे टाके दाखवतो
आपण देवीचा वण दाखवावा तसे, सहज.
म्हणाला, आमची एकच घोषणा होती.
अरबीत म्हणून दाखवली. मी अर्थ विचारला नाही.
मला ती पाठ होती.

लोट्याच्या एमआयडीसीत, केमिकल कंपनीच्या गेटवर
मीही ओरडलो होतो, भूमिपुत्रांना आधी!
खिशात सेवायोजन कार्यालयाचं कार्ड,
दरवर्षी नूतनीकरण करून घडीवर फाटलेलं.
ऐंशी टक्के स्थानिक, असा सरकारी कागद आमच्याकडेही होता,
झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरं गेलेला.
रामसुमेर नावाचा एकजण बाहेर आला, हातात डबा.
डबा मी नाही लाथाडला.
हसलो मात्र.
डाळ डांबरावर पसरली, पिवळी,
कोणीतरी म्हणालं, पूस आता.
त्यानं पुसली.
नोकरी पुढे आमच्यातल्या कोणालाच लागली नाही.
कंपनीनं ठेकेदार नेमला,
ठेकेदारानं रामसुमेरचा भाऊ.

हमूद मला दौला म्हणतो. दौलतमधला त त्याच्या तोंडून गळतो.
दौला म्हणजे त्यांच्या भाषेत सरकार.
'सरकार, कहवा घेणार?' म्हणतो
आणि स्वतःच हसत सुटतो.

जोजीसाहेबांनी दार लोटून घेतलं.
त्याला फार शिकवू नकोस. सही त्याची, काम तुझं.
कागदावर तू हमाल हो. तो घरी झोपेल,
तीनशे पंचवीस त्याच्या खात्यात, कोटा पुरा, सगळे खूश.
हमूदचा चुलतभाऊ असाच गोदामात लागलाय:
दोन वर्षं नोकरी झाली,
गोदाम अजून पाहिलेलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं.
लागली. गाढ.
सकाळी सूर्य समुद्रातून वर आला.
अकरा वर्षांत हे अंगवळणी पडलं नाही,
आमच्याकडे तो समुद्रात बुडतो.

हमूदला काट्यावर नेलं. म्हटलं, बघ,
गुलबाज रिकामा येतो तेव्हा मागचं चाक फळीबाहेर ठेवतो.
ओल्या खडीला दीड टक्का वजा.
फळीखाली चिखल साचला की आकडा नाचतो,
झाडू नकोस, पाणी मार.
तो वहीत उतरवत होता, उजवीकडून डावीकडे,
माझी अकरा वर्षं अडीच पानांत.
मग थांबला. तिकडे जाऊन काय करशील, दौला?
तुमच्याकडे असा चौक आहे?
गेट आहे, मी म्हटलं.

काटा वीस किलोच्या पटीत मोजतो,
एकट्या माणसाचं त्याला धड कळत नाही.
आम्ही दोघंही फळीवरच उभे होतो
आणि केबिनीच्या काचेतून लाल आकडा दिसत होता: एकशे चाळीस.

गुलबाजनं हॉर्न दिला.
हमूद खाली उतरला, हात दाखवून त्याला पुढे घेतलं,
अजून, अजून,
आणि मग वाकून
मागच्या चाकाकडे बोट केलं.