बाजूला गेलेली तार

रोस्विथाबाईंनी टेबलावरचं मेणकापड दोनदा पुसलं,
मगच खोका उघडू दिला.
राउटर निघाला पांढरा, हलका,
साबणाच्या नव्या वडीसारखा.
"एवढंच?" त्या म्हणाल्या,
"फोन मिळायला आम्हाला चौदा वर्षं लागली होती.
अर्ज टाकला तेव्हा मुलगी पहिलीत.
घंटी वाजली ती तिचीच, रोस्टॉकहून,
नोकरीचा पहिला दिवस होता तिचा."

सॉकेट बोळात, कोटांच्या खुंट्यांखाली.
मी गुडघ्यांवर, तोंडात स्क्रू,
डोक्यावर एकहार्टचा लोकरी कोट.
चार वर्षं झाली, अजून तिथेच आहे.
राखाडी वायर बसली. डीएसएलचा दिवा
लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला.
कॉफी झाली. मनुकांचा केक झाला.
दिवा काही ठरेना.

हेल्पलाइनवरचा माणूस झोपेतून बोलल्यासारखा:
एक्सचेंज लांब आहे, ते ठीक,
पण तुमच्या लाइनला घरातच कुठेतरी फाटा फुटलाय.
सिग्नल त्या फाट्यात जातो,
टोकाला कोणी नसतं,
तिथून आपटून परत येतो
आणि स्वतःच्याच बोलण्यात बोलतो.

"फाटा नाही," रोस्विथाबाई म्हणाल्या.
जरा जास्तच लवकर म्हणाल्या.

सॉकेटमागे चार तारा निघाल्या, हव्या होत्या दोन.
जादा जोडी रंगाखालून, चौकटीतून,
तळघराच्या खिडकीतून बाहेर पडलेली.
हाताने चाचपत मी तिच्या मागे गेलो,
अंगणातून, बेदाण्याच्या झुडपांमागून,
सशांच्या शेडपर्यंत.
पिंजरे रिकामे. गवताला अजून मुताचा वास.
पोत्याखाली एक हिरवा फोन, गोल डायलचा,
आणि मागच्या फळीवर पेन्सिलीने एक नंबर,
शून्य शून्य अठ्ठेचाळीस,
पुढे श्चेचीनचा कोड, पुढे सात आकडे.
नीट, पुन्हा पुन्हा गिरवलेले.
माझं गाव ते. मी तिथून रोज इकडे येतो झोपायला,
घरं इकडे स्वस्त आहेत म्हणून.

त्या अंगणात आल्याच नाहीत.
स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या,
हात अ‍ॅप्रनमध्ये.
"काही सापडलं?"
"जुनी तार," मी म्हणालो.
"मग तोडा."

पक्कड नवी होती, आवाजही झाला नाही.
बोळात परतलो तर दिवा हिरवा,
स्थिर, जणू कधी हललाच नव्हता.

पण लॉगिन होईना.
कंपनीच्या बंद पाकिटातला बारा आकडी नंबर
त्या चष्मा पुढे-मागे करत वाचत होत्या,
लॉटरीचा निकाल वाचतात तसा.
त्या म्हणायच्या त्र्याहत्तर, आधी तीन, मग सत्तर,
माझा पोलिश कान सत्तर आधी मागतो.
घाईत मी लिहीत गेलो सदतीस.
तीनदा नकार आला, तेव्हा चूक सापडली.
त्या हसल्या, त्या दिवशी पहिल्यांदा.
"आमच्याकडे धाकटा आधी बोलतो," म्हणाल्या.

शेवटी वायफायचा पासवर्ड.
राउटरच्या बुडावरचा वीस आकडी
त्यांना नको होता, डोळ्यांना दिसत नाही म्हणाल्या.
मी म्हणालो, सांगा तुमचा, लक्षात राहील असा.
त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, शेडकडे नाही,
दुसरीकडे, रस्त्याकडे.
"मोठी अक्षरं लागतात का?"
"आकडे चालतील."

मग त्यांनी कागद न घेता सांगितलं,
सावकाश, एकेक जोडी,
कपडे घडी करून ठेवावेत तसं:
शून्य, शून्य,
आठ आणि चाळीस...

या वेळी मी चुकलो नाही.