चालू

नोंदवहीत छापलेले रकाने सहा :
ताप, दाब, साखर, गोळ्या, लघवी, सही.
सातवा मी पेनानं आखला, पट्टी नव्हती म्हणून वाकडा.
त्यात लिहिलं :
चहा बशीतच.
कुशीवर वळवायचं ते खिडकीकडे तोंड करून.
अंघोळीला आधी हात पाठीवर, मग पाणी.
आधी पाणी पडलं तर दचकतात.

राजमल्लू येमूल, वय एकोणऐंशी, विडी घरकुल.
चाळीस वर्षं यंत्रमागावर, छातीत अजून कापूस.
डोक्यात डावीकडे रक्त अडलं,
उजवा हात गेला
आणि हातासोबत मराठी.
बोनसची भांडणं, चादरींचे भाव, शेजाऱ्यांची चेष्टा
ज्या भाषेत केली ती एका रात्रीत आटली.
तळाला उरली आईची तेलुगू,
दोन-चार ओंजळी.

पहिल्या दिवशी मी तांब्या ओतला.
ते म्हणाले, "चालु."
मला वाटलं, चालू राहू दे.
दुसरा ओतला. "चालु." तिसरा.
बादली संपली तेव्हा ते थरथरत होते
आणि शेजारची भाग्यलक्ष्मी दारातून ओरडली,
"अगं बाई, पुरे म्हणतोय तो!
आमच्यात चालु म्हणजे बास!"

चौथ्या दिवसाचं पाणी होतं ते.
रात्री अडीचला आलेलं,
सुनेनं पिंपात, कळशीत, कुकरमध्येसुद्धा भरून ठेवलेलं.
आभाळातून भीमेत, भीमेतून उजनीत,
उजनीतून इथवर नळानं,
आणि मी ते एका शब्दाच्या चुकीपायी
मोरीत घालवलं.

घालवलं म्हणजे, तसं नाही.
मोरीचा पाइप गॅलरीत निघतो,
गॅलरीत तेलाच्या कापलेल्या डब्यात कढीपत्ता आहे.
त्या आठवड्यात त्याला अकरा नवे डहाळे आले.
मी मोजले. रकाना नव्हता, तरी मोजले.

माझ्या पौर्णिमाला शाळेत चक्र काढायचं होतं.
तिनं ढग काढला, नदी काढली, झाड,
कारखान्याचं धुराडं, आणि सगळ्यांमधून बाण.
म्हणाली, कोळसा, धूर, पान, श्वास, सगळ्यात कार्बन एकच,
नुसता घरं बदलतो.
मी विचारलं, माणूस कुठंय?
ती म्हणाली, पुस्तकात गाय आहे.
मग गायीशेजारी तिनं एक खाट काढली.

तेव्हापासून मी त्यांना खिडकीपाशी आणखी सरकवते, वीतभर.
ते घरघरत जे बाहेर टाकतात
त्यातलं थोडं तरी त्या पानांना मिळत असेल,
उन्हात शिजून हिरवं होत असेल.
गुरुवारी सून तीच पानं फोडणीला तोडते
आणि मी आमटीतून, मऊ करून, चमच्यानं
त्यांना परत भरवते.
यात माझं काय? चमचा.

नीळ्ळु म्हणजे पाणी. गाली म्हणजे वारा.
नोप्पी म्हणजे दुखतंय. हे आधी शिकायला हवं होतं.
सुपरवायझर बाई म्हणाल्या, सातवा रकाना आमच्या फॉर्मात बसत नाही.
मी म्हटलं, माणूस बसतो का?
म्हटलं नाही खरं तर. जिना उतरताना सुचलं.

मेमध्ये दुपारी लाइट गेली.
पंखा थांबला, श्वासाचं मशीन थांबलं,
खालचे माग थांबले.
दोरीवरचा ओला टॉवेल मी त्यांच्या छातीवर टाकला,
वाळला. पुन्हा भिजवला, वाळला.
नोंदवहीनं वारा घातला
पाऊण तास, की जास्त,
त्यांचे ओठ जांभळे होत जाताना.

मग एकदम खाली खटक, खटक, खटक.
सगळी आळी हलू लागली.
मशीननं शिट्टी दिली.
त्यांनी मान वळवली, मागांच्या आवाजाकडे,
आणि चांगलं मोठ्यानं म्हणाले,
"चालू."

माझ्या हातात भरलेला तांब्या होता.
मी तशीच उभी राहिले.